ओळंब्याचे दोन आकडे

शनिवारच्या गाडीची तिकिटं ओतिलीने साखरेच्या डब्याखाली ठेवली होती, आणि गेले चार दिवस ती येता-जाता डबा उचलून बघत होती. तिकिटं पळून जातील अशी भीती तिला नव्हती. नवरा जागचा हलेल की नाही, ही शंका होती. पोला या आरमारी बंदरात तिने एकवीस वर्षं काढली होती. एकवीस उन्हाळे, एकवीस हिवाळ्यांतला डोंगरावरून सुटणारा तो बोचरा बोरा वारा, आणि खालच्या मजल्यावरून रोज वर येणारा सार्डिन तळल्याचा वास. आता खोलीत तीन पेट्या दोरीने बांधून तयार होत्या. चौथी उघडी होती, कारण हिनेकचा कचेरीचा कोट अजून खुंटीवर होता.

"एकच कागद राहिलाय," हिनेक वोद्राश्का म्हणाला. "एक सही केली की सुटलो."

"हे तू गेल्या वर्षीही म्हणाला होतास."

"गेल्या वर्षी कागद पुष्कळ होते."

"आणि त्याच्या आदल्या वर्षी?"

तो कोट चढवून बाहेर पडला. साठीला दोन वर्षं कमी होती, पण जिना उतरताना तो कठड्याला धरून उतरायचा. डोळे आकड्यांनी खाल्ले होते आणि बाकीचं खुर्चीने.

आरमाराच्या आराखडा कचेरीत वोद्राश्काचं काम एकच होतं. जहाजावर काय चढतंय, किती जड आहे आणि कुठे बसणार आहे, याचा हिशेब ठेवायचा. सहा वर्षांपूर्वी इंग्रजांनी फक्त मोठ्या तोफांचं जहाज पाण्यात सोडलं आणि जगातली बाकीची सगळी आरमारं एका दिवसात म्हातारी झाली. मग आपल्यालाही तसंच हवं, असं राजधानीत, व्हिएन्नात ठरलं. पण आपल्या गोद्या आखूड. तेव्हा जहाज लहान ठेवायचं आणि तोफा मात्र बारा बसवायच्या, असा तोडगा निघाला. तीन-तीन तोफांचे चार बुरूज, पुढे दोन एकावर एक चढवलेले, मागे तसेच दोन. कागदावर ते इतकं सुरेख दिसायचं की पाहुणे आले की साहेब लोक तो नकाशा मुद्दाम टेबलावर पसरून ठेवायचे.

त्यानंतरची पाच वर्षं वोद्राश्काने एकच वाक्य ऐकलं. "दोनच टन हो, वोद्राश्का!" तोफखान्याला वर दुर्बिणीचा मनोरा हवा होता, दोनच टन. दिवेवाल्यांना आणखी दोन शोधदिवे हवे होते, तेही वरच. अ‍ॅडमिरलना पावसात भिजावं लागू नये म्हणून त्यांचा स्वतंत्र मजला हवा होता, काचा लावलेला. प्रत्येकाला वरच हवं होतं, खाली तळाशी कोणालाच काही नको होतं. पाच वर्षांपूर्वी त्याने रीतसर पत्र लिहून कळवलं होतं की हे असंच चाललं तर जहाज डोईजड होईल आणि वळताना नको तितकं कलेल. पत्र परत आलं. कोपऱ्यात निळ्या पेन्सिलीने लिहिलं होतं, "नोंद घेतली." पालथ्या घड्यावर पाणी. त्यानंतर त्याने पत्र लिहिलं नाही, फक्त मोजत राहिला.

आता ते जहाज तयार होतं. गोदीत सगळे तिला थोरली म्हणत. समुद्रावर जाण्याआधीची तिची एक परीक्षा तेवढी उरली होती आणि तिच्या कागदावर वोद्राश्काची सही लागत होती.

परीक्षा ऐकायला सोपी असते. डेकवर मधोमध लोखंडाच्या लाद्या रचायच्या. त्या एका कडेला न्यायच्या, म्हणजे जहाज त्या बाजूला थोडं कलतं. जहाजाच्या पोटात पाच मीटर लांबीचा ओळंबा टांगलेला असतो, गवंडी वापरतात तसाच, फक्त मोठा. त्याचं वजन तेलाच्या घमेल्यात बुडवतात, म्हणजे तो उगीच झुलत नाही. ओळंबा पट्टीवर किती सरकला ते वाचायचं. मग लाद्या दुसऱ्या कडेला न्यायच्या आणि पुन्हा वाचायचं. दोन्हीकडे सारखाच सरकायला हवा. जितका जास्त सरकेल तितकं जहाज डोईजड. आराखड्यात वीस सेंटिमीटर लिहिले होते. वोद्राश्काच्या जुन्या पत्रात सव्वीस होते.

यात एकच पथ्य. पाणी स्थिर हवं, दोर सैल हवेत, आणि डेकवरच्या माणसांनी मधल्या खडूच्या रेघेवरून हलायचं नाही.

म्हणून वोद्राश्काने ख्रिस्तदेहाच्या सणाचा गुरुवार निवडला. त्या दिवशी गोदी बंद असते, सगळं गाव मिरवणुकीत असतं, बंदरात एक ओढनाव फिरत नाही. कामगारही सुट्टीवर होते, तेव्हा लाद्या उचलायला त्याने आरमारातले दोनशे खलाशी मागून घेतले. ही युक्ती आपल्याला सुचली याचं त्याला त्या सकाळी बरं वाटलं होतं. पुढे याच युक्तीबद्दल त्याने स्वतःला पुष्कळ शिव्या दिल्या.

सकाळी आठला तो जहाजाच्या पोटात पट्टीसमोर गुडघे टेकून बसला. शेजारी त्याचे साहेब किझेवेटर उभे होते. कचेरीचे प्रमुख, पायाला संधिवात, आणि थोरली पास झाली की दरबारी पदवी मिळणार हे अख्ख्या पोलाला ठाऊक. दोघांनी वीस वर्षं एकाच खिडकीतून बंदर पाहिलं होतं.

वरून लाद्या ओढल्याचा खडखडाट थांबला. लाद्या उजव्या कडेला पोचल्या होत्या. ओळंब्याची दोरी पट्टीवर सरकली. वीस, बावीस, चोवीस. सव्वीसवर आली आणि थांबली. आपण बरोबर होतो याचा वोद्राश्काला आनंद व्हायला हवा होता, पण त्याच्या डोळ्यांसमोर फक्त बांधलेल्या पेट्या आल्या. मग दोरी पुन्हा हलली. हळूहळू मागे आली आणि विसावर येऊन थांबली. वर कुठेतरी तीनदा "हुर्रा" झाल्याचा आवाज आला.

"किती?" किझेवेटरांनी विचारलं. वाकून बघणं त्यांच्या पायाला जमत नव्हतं.

"वीस," वोद्राश्का म्हणाला. दोरी विसावरच होती. त्याने वीस लिहिलं.

डावीकडच्या वेळी ती सव्वीसवर गेली आणि तिथेच राहिली. दहा मिनिटं राहिली. तोवर दहा वाजले होते आणि समुद्रावरून झुळूक सुटली होती, मिशी हलेल न हलेल एवढी.

"वारा," किझेवेटर म्हणाले.

दुपारी धक्क्याच्या पायऱ्यांवर शिमे बारिचेविच पावात खारवलेले मासे घालून खात बसला होता. हा दाल्मेशियाच्या किनाऱ्यावरचा म्हातारा खलाशी, आरमारातला सगळ्यांत जुना सुकाण्या. सगळे त्याला बार्बा शिमे म्हणत, म्हणजे काका. थोरलीचं सुकाणू त्याच्याच हाती येणार होतं. सकाळच्या दोनशे माणसांत तोही होता.

"काय इंजिनियरसाहेब, पास झाली का नवरी?"

"एकीकडे पास, एकीकडे नापास."

"हे बरंय! माझ्या मेहुणीचं असंच आहे, एका बाजूने पाहिलं तर देखणी." त्याने पावाचा तुकडा मोडून वोद्राश्काला दिला. "आमचा मात्र घसा बसला बघा. आणि तो राजपुत्र पाठ करून बसलेला! एवढं ओरडलो, मेल्याने टोपीला हातसुद्धा लावला नाही."

"कोणता राजपुत्र?"

"काय की. व्हिएन्नाचा कोणीतरी, सणाच्या प्रार्थनेला चाललेला. लाँचवर राजघराण्याचा झेंडा होता. अगदी शेजारून गेली, सावकाश."

वोद्राश्काने पाव खाली ठेवला. "बार्बा, तेव्हा तुम्ही कुठे उभे होता?"

"कठड्याला. आणखी कुठे?"

"कुठल्या कठड्याला?"

"डाव्या. लाँच डावीकडून गेली ना."

"सगळे?"

"दोनशेच्या दोनशे. रांगेत. तुम्हाला खाली ऐकू नाही आलं? तीनदा हुर्रा केलं."

"अरे पण मी सांगितलं होतं ना, रेघ सोडायची नाही म्हणून! कोणी हुकूम दिला तुम्हाला?"

"हुकूम कशाला लागतो?" शिमेला मनापासून नवल वाटलं. "झेंडा दिसला की पाय आपले आपण जातात. बत्तीस वर्षं झाली साहेब. उद्या मी मेलो आणि शेजारून झेंडा गेला, तर पेटीतून उठून उभा राहीन. आणि तुम्ही रेघ सोडू नका म्हणालात, कबूल. झेंडा आला तरी सोडू नका असं कुठे म्हणालात?"

वोद्राश्काने बाहीच्या कडक कफावर पेन्सिलीने आकडे मांडले. दोनशे माणसं म्हणजे पंधरा टन. मधल्या रेघेपासून कठडा बारा मीटर. उत्तर आलं, ओळंबा सहा सेंटिमीटर मागे ओढला गेला होता. वीस आणि सहा, सव्वीस. गोदीचे कामगार असते तर राजपुत्राच्या लाँचकडे पाठ करून तंबाखू चघळत बसले असते, आणि ओळंबा पहिल्यांदाच खरं बोलला असता. पण त्याने खलाशी मागवले होते. ज्यांना आयुष्यभर कठड्याकडे धावायला शिकवलं, त्यांना त्याने खडूची रेघ दाखवली होती. त्याला एकदम फार थकल्यासारखं झालं आणि तो शिमेशेजारी पायरीवर बसला.

"तुम्ही पाव खाल्ला नाहीत," शिमे म्हणाला.

शुक्रवारी किझेवेटरांच्या टेबलावर कागद तयार होता. डावीकडच्या सव्वीसवर लाल रेघ, समोर शेरा, "वाऱ्यामुळे बाद." खाली सहीची जागा रिकामी.

वोद्राश्काने सगळं सांगितलं. झेंडा, कठडा, पंधरा टन. किझेवेटर ऐकत असताना खिडकीबाहेर बघत होते.

"सुटलेल्या वाऱ्यात घेतलेला आकडा बाद धरायचा, असा नियम आहे," ते म्हणाले. "आणि तो नियम मी नाही केलेला, तुम्ही केलाय. अठरा वर्षांपूर्वी. माझ्याकडे तुमच्या अक्षरातला आहे."

"तो वारा होता का साहेब? त्याने मेणबत्ती विझली नसती."

"नियमात मेणबत्ती नाही."

नाचता येईना अंगण वाकडं, असं वोद्राश्काच्या अगदी ओठावर आलं होतं. पण अंगण त्यानेच सारवलं होतं.

"पुन्हा घेऊ," तो म्हणाला. "कामगारांना घेऊन."

"कधी? लाद्या उतरवल्या. कोळसा उद्या भरायला घेतील. पंधरा दिवसांनी वेगाची चाचणी आहे, व्हिएन्नाचे लोक येणार आहेत."

"त्या चाचणीत काय करणार आहात तुम्ही?"

"तुम्हाला माहीत आहे."

"पूर्ण वेगात सुकाणू शेवटापर्यंत फिरवणार. जूनच्या उकाड्यात खालच्या लहान तोफांच्या खिडक्या उघड्या. वीसवाली बाई वळेल आणि सरळ होईल. सव्वीसवाली कलली की खिडक्यांतून पाणी आत. आणि आत गेलेलं पाणी त्याच बाजूला जाऊन बसतं, साहेब. ते काही खडूच्या रेघेवर थांबत नाही."

किझेवेटरांनी ड्रॉवर उघडला, उगीच काहीतरी हलवलं आणि बंद केला. "'नोंद घेतली' असं मीच लिहिलं होतं," ते म्हणाले. "पाच वर्षं माझ्या डोक्यात आहे ते. तुम्हाला काय वाटतं, मला कळलं नव्हतं? वर चार जण बसलेत, त्यांच्या वर आणखी चार. एकाने नाही म्हटलं की दुसरा विचारतो, कोण हा मनुष्य? मी दमलोय वोद्राश्का. तुम्हीही दमलाय. सही करा, उद्याची गाडी पकडा. तुमच्या जागी जो येईल तो डोळे मिटून करेलच."

"मग त्यालाच करू दे."

"त्याच्या सहीला कोण विचारतो? तुमची सही आहे म्हटलं की कोणी दुसऱ्यांदा वाचत नाही." किझेवेटरांनी कागद पुढे सरकवला. "उद्या दहापर्यंत. तुमची गाडी बाराला आहे ना?"

पोलातल्या सगळ्यांनाच ती गाडी ठाऊक होती, असं दिसत होतं.

संध्याकाळी ओतिलीने शिल्लक राहिलेल्या पिठाच्या खसखशीच्या पोळ्या केल्या होत्या. पीठ न्यायचं नाही, टाकायचंही नाही, म्हणून. हिनेक आत आला तसा तिने त्याच्या कोटाच्या खिशाकडे पाहिलं.

"झाली सही?"

"नाही."

तिने उलथनं खाली ठेवलं. त्याने सांगायला सुरुवात केली आणि तिने ते सगळं उभ्याने ऐकलं.

"म्हणजे आता पुन्हा?" ती म्हणाली. "पंधरा दिवस? महिना?"

"मी सही करू शकतो. उद्या दहाला करतो आणि बाराला गाडीत बसू. वीस मी खोटं लिहिलेलं नाही. दोरी विसावर होती."

"मग कर ना!" ती एकदम ओरडली. "कर! मला घरी जायचंय हिनेक. बहिणीच्या अंगणात खुर्ची टाकून बसायचंय. बाजारात भाजीवालीशी माझ्या भाषेत भांडायचंय. एकवीस वर्षं मी इथे बोटं दाखवून कांदे घेतेय. त्या जहाजाला तू जितकी वर्षं दिलीस ना, तितकी मला दिली असतीस तर..." पोळी करपायला लागली होती, तिने ती उलटली.

हिनेकला सही करायची होती. हे त्याने स्वतःपासून लपवलं नाही. डोळे, पाठ, पाय, सगळं अंग सही कर म्हणत होतं.

ओतिलीने पाठमोरीच विचारलं, "त्या वेगाच्या चाचणीला सुकाणूवर कोण आहे?"

"बार्बा शिमे."

तीन वर्षांपूर्वी हिनेकला हिवतापाने धरलं होतं, तेव्हा हा माणूस तीन आठवडे रोज सकाळी ताजा मासा दारात ठेवून जायचा. पैसे विचारले की कानावर हात ठेवायचा. ओतिली मासा खात नसे. तरी तिने तो रोज शिजवला होता.

तिने साखरेचा डबा उचलला, तिकिटं काढली आणि एप्रनच्या खिशात टाकली. "गाडी दर शनिवारी असते," ती म्हणाली. "पण माझ्याशी बोलू नकोस. उद्याही बोलू नकोस."

आणि ती खरोखरच बोलली नाही. रविवारी दुपारी पहिला शब्द निघाला, तोही "मीठ".

शनिवारी सकाळी दहाला वोद्राश्काने लाल रेघ खोडली आणि उजवीकडच्या विसावर नवी ओढली. समोर लिहिलं, "या वेळी दोनशे माणसं डाव्या कठड्याला होती. झेंडा आल्यास काय करावे याची सूचना मी दिली नव्हती. चूक माझी. परीक्षा पुन्हा घ्यावी." खाली सही केली. किझेवेटरांनी ते वाचलं, चष्मा काढला आणि रुमालाने पुसत राहिले.

"माझी पदवी गेली," ते म्हणाले.

"हो साहेब."

"तुमची गाडीही गेली."

"हो."

"बसा मग. कॉफी मागवतो."

दोघांनी कॉफी प्यायली. बाराला स्टेशनाकडून शिटी ऐकू आली, तेव्हा दोघांपैकी कोणीच वर पाहिलं नाही.

दुसरी परीक्षा तीन आठवड्यांनी झाली, या वेळी कामगारांना घेऊन. मध्येच एक झेंड्याची लाँच शेजारून गेली आणि एकाने तिच्या दिशेने थुंकण्यापलीकडे कोणी काही केलं नाही. उजवीकडे सव्वीस, डावीकडे सव्वीस. पाच वर्षांपूर्वीचं पत्र शब्दाला शब्द खरं निघालं होतं. वोद्राश्काला वाटलं होतं, या क्षणी निदान थोडं बरं वाटेल. वाटलं नाही. उलट सहा सेंटिमीटर कुठून तरी कमी झाले असते तर किती बरं झालं असतं, असंच वाटलं.

व्हिएन्नाचं उत्तर नऊ दिवसांत आलं. अ‍ॅडमिरलचा काचांचा मजला राहणार होता. मनोरा राहणार होता. शोधदिवे राहणार होते. पूर्ण वेगात सुकाणू दहा अंशांपुढे फिरवू नये आणि त्या वेळी खालच्या खिडक्या बंद ठेवाव्यात, अशी पितळी पाटी सुकाणूसमोर लावावी. बस्स, एवढंच.

"मजकूर तुम्हीच लिहा," किझेवेटर म्हणाले. "चार भाषांत लागेल. अक्षर तुमचं चांगलं आहे."

म्हणजे पाच वर्षांचं काम शेवटी हाताच्या पंजाएवढ्या पितळेवर मावलं. वोद्राश्काने मजकूर लिहिला. पाटी ठोकली जात असताना शिमे शेजारी उभा होता. आपल्या भाषेतली ओळ त्याने ओठ हलवत दोनदा वाचली.

"दहाच?"

"दहाच."

"आणि अकरा केले तर?"

"अकराला काही होत नाही. पंधराला स्वयंपाक्याची भांडी पडतील."

"वीसला?"

वोद्राश्काने पाटीवरच्या खिडक्यांच्या ओळीवर बोट ठेवलं. शिमेने पितळेवरून अंगठा फिरवला.

"हे सगळं शांततेतलं झालं, साहेब," तो म्हणाला. "समजा लढाई आहे. समोरून काहीतरी आलं, आणि दहा अंशात चुकवता येत नाही. मग?"

"मग पाटी वाचत बसू नका बार्बा. पण आधी खिडक्या बंद झाल्यात का ते ओरडून विचारा. उत्तर आल्याशिवाय फिरवू नका."

"उत्तर यायला वेळ लागतो."

"माहीत आहे मला."

शिमेने मान हलवली. मग हसून म्हणाला, "तुम्ही त्या शनिवारी थांबलात म्हणे माझ्यासाठी. बाईसाहेब फार चिडल्यात का?"

"आता मीठ मागतात."

"मग निभावलं," शिमे म्हणाला.

ते अखेर जुलैच्या तिसऱ्या शनिवारी निघाले. चारही पेट्या दोरीने बांधलेल्या होत्या. पोलाचं स्टेशन पाण्याला लागूनच आहे, फलाटावर उभं राहिलं की सगळं बंदर दिसतं. थोरली त्याच दिवशी वेगाच्या चाचणीला बाहेर पडत होती. गर्दीने रुमाल हलवले, बँड वाजला. ओतिली डब्यात चढून खिडकीशी बसली होती, हिनेक फलाटावरच उभा होता.

थोरली बंदराच्या तोंडाशी पोचली. तिथे अ‍ॅडमिरलचं जहाज नांगरलेलं होतं, वर झेंडा. वोद्राश्काला आधीच कळलं की आता काय होणार, पण ते थांबवणं कोणाच्याच हातात नव्हतं. शेकडो पांढरे ठिपके डेकवरून एका कडेला धावले आणि कठड्याशी रांगेत उभे राहिले. पाण्यावरून "हुर्रा" ऐकू आलं. आणि थोरली कलली. फार नाही. शेजारी उभ्या असलेल्या हमालाला ते दिसलंही नसेल. पण वोद्राश्काची नजर तिच्या मधल्या डोलकाठीवर होती आणि मागच्या टेकडीची कड त्याने ओळंब्यासारखी धरली होती.

"हुर्रा," दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा.

ठिपके कठड्यापासून मागे सरले. डोलकाठी तशीच होती. त्याने मोजायला सुरुवात केली, सवयच होती ती. एक, दोन, तीन. दमलेला माणूस खुर्चीतून उठतो तशी ती उठत होती, मधेच थांबून. गार्डाने शिटी दिली. चार, पाच.

"हिनेक, गाडी सुटतेय!" ओतिलीने खिडकीतून हात बाहेर काढून त्याची बाही धरली. मग त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, तो बघत होता तिकडे पाहिलं आणि बाही सोडली नाही. तिला त्या जहाजातलं काही कळत नव्हतं. एवढंच कळत होतं की तो श्वास घेत नाहीये.

"झाली का सरळ?" तिने विचारलं.

त्याने श्वास सोडला आणि पायरीवर पाय ठेवला.

"झाली," तो म्हणाला. "आज झाली."